बर्फाकडची माती, दोन बाटल्या

मी नोकरीभर जंत मोजले. पोटातले नव्हेत, मातीतले. लग्नाकार्यात कुणी विचारलं, "वहिनी, तुम्ही काय करता?" की मी हेच उत्तर द्यायचे आणि समोरचा माणूस हातातली ताटली जरा लांब धरायचा. सासूबाई मात्र गल्लीत सांगायच्या, "आमची सून साहेब हाय. काचंत बघती." साहेब कसली! मी हंगामी प्रयोगशाळा सहायक होते. दर सहा महिन्यांनी माझी नेमणुकीची ऑर्डर संपायची आणि नवी येईपर्यंत मी सरांच्या खोलीवरून उगाचच दोन-चारदा जायचे.

काम असं होतं. चमचाभर माती घ्या, तिच्यात डोळ्यांना न दिसणारे शेकडो जीव असतात. त्यात एक जात सूत्रकृमींची. नाव जड आहे, जीव हलका आहे. पापणीच्या केसाहून बारीक, काचेच्या तंतूसारखा, आणि सारखा वळवळणारा. काही पिकाची मुळं खातात, बरेचसे मातीतले जिवाणू खाऊन गुमान राहतात. त्यांना बाहेर काढायला एक साधी युक्ती आहे. काचेच्या नरसाळ्याला खाली रबरी नळी लावायची, नळीला चिमटा. नरसाळ्यात पाणी, पाण्याला टेकेल असं मलमलीचं फडकं, फडक्यावर माती. जो जिवंत आहे तो वळवळत फडक्यातून खाली उतरतो आणि नळीच्या तळाशी बसतो. मेलेला वरच राहतो. मग चिमटा उघडायचा, थेंबभर पाणी काचपट्टीवर घ्यायचं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजत बसायचं. झालं. एवढ्यासाठी मी बी.एस्सी. केलं होतं, तेही नांदेडला मावशीकडे राहून.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्या आल्या होत्या, खोल्या आल्या नव्हत्या. एका कचेरीची पाटी किराणा दुकानाच्या माडीवर लागली होती आणि खाली लोक गूळ मागावा की दाखला, या विचारात उभे असायचे. जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. आमच्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत शुद्ध पाणी गाळायचं यंत्र होतं, पण ते चालायलाही आधी पाणी लागतं, म्हणून ते कापड पांघरून बसलं होतं. शुद्ध पाण्याचा एक मोठा काचेचा बुधला भरलेला होता, तेवढाच. वापरायचं पाणी सोजरबाई टँकरवरून आणायची.

सोजरबाई आमच्याकडे झाडलोट करायची, भांडी धुवायची, पाणी भरायची. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. मूळची देगलूरकडची, आधी नांदेडला विड्या वळायची, मग नवऱ्याला रेणापूरकडे काम लागलं म्हणून इकडे आली. बोलायला लागली की थांबायची नाही. मी चोवीस वर्षांची होते आणि माझं ठाम मत होतं की मी शास्त्रज्ञ आहे, ही पाणी भरणारी आहे, आणि दोघींनी आपापली जागा ओळखून वागावं. माझी तेव्हाची वेणी, चष्मा आणि चेहरा आठवला की मला आजही त्या मुलीच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

आमचे कोंडेकर सर मातीतल्या जंतांचे वेडे. दुष्काळात जमीन दोन-दोन वर्षं कोरडी राहते, तेव्हा हे जंत करतात काय, हा त्यांचा प्रश्न. आपली माणसं तेव्हा जहाजाने पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, बर्फाच्या खंडावर जाऊ लागली होती. सरांचा एक जुना मित्र तिकडे जाऊन आला. बर्फाच्या खंडावर काही जागा उघड्या असतात, नुसते दगड आणि वाळू. पाऊस नाही. पडतो तो थोडा बर्फ, आणि वारा एवढा कोरडा की बर्फाचं पाणी होण्याआधीच त्याची वाफ होऊन जाते. म्हणजे वाळवंटच, फक्त गार. उन्हाळ्यातले थोडे दिवस एखाद्या बर्फाच्या ढिगाची कड वितळते, तिच्याखालची वीतभर माती ओली होते, आणि तेवढ्यात तिथले जीव उठतात, खातात, अंडी घालतात आणि ओल गेली की पुन्हा वाळून पडतात. सर म्हणायचे, "आपल्या जळकोटच्या माळाचा हा थोरला भाऊ आहे. त्याच्याकडून शिकू." मित्राने त्यांच्यासाठी तिथली माती आणली होती, दोन लहान बाटल्या. तो हैदराबादला जाताना नांदेड स्टेशनवर गाडी थांबेल तेवढ्यात देणार होता. आणायला नांदेडची माहितगार म्हणून मला पाठवलं, आणि सोबतीला सोजरबाईला.

मित्राने खिडकीतून एक रुंद तोंडाचा थर्मास दिला. आत बर्फ, बर्फात बाटल्या. "गार ठेवा," म्हणाला, "आणि सरांना सांगा, मी पुन्हा जाणार आहे. यात जीव निघाले तर त्याच जागेची पोतंभर आणतो. नाही निघाले तर ती जागा सोडून देतो, बोटीवर जागा थोडी असते." गाडी हलली.

परत येताना एस.टी.त मी थर्मास मांडीवर घेऊन बसले होते. लोह्याच्या पुढे शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी त्याच्याकडे बघून जीभ ओठावरून फिरवली.

"चहा हाय का बाई?"

"नाही हो. माती आहे."

बाबांनी माझ्याकडे पाठ केली. मग सोजरबाईला म्हणाले, "द्यायचा नसंल तर न्हाई म्हणावं माणसानं."

"माती हाय मामा, खरंच," सोजरबाई म्हणाली. "बर्फाच्या मुलकातली. तिथं पाऊस पडत न्हाई."

"पडत न्हाई? मग आपल्यासारखंच की. टँकर जातो का तिथं?"

"न्हाई जात."

"मग तर लईच वाईट," बाबा म्हणाले, आणि अहमदपूरला उतरेपर्यंत त्या थर्मासकडे असे बघत राहिले, जणू त्यात दुसऱ्या तालुक्यातला कुणी नातेवाईक बसला आहे. अहमदपूरच्या स्टँडवर सोजरबाईने सरबतवाल्याकडून बर्फाचा खडा मागून आणला आणि थर्मासात टाकला. मला ते सुचलं नव्हतं. मी शास्त्रज्ञ होते.

दुसऱ्या दिवशी सरांना एका बैठकीला जायचं होतं. म्हणाले, "पहिली बाटली उघडा. नेहमीसारखंच करा, पण घाई नको." पुढे काहीतरी सांगत होते, पण बाहेर जीप वाजत होती आणि मी मान हलवत होते. मान हलवणं हे माझं तेव्हाचं मोठं कौशल्य.

बाटली उघडली. राखाडी, भुरभुरीत माती, इतकी कोरडी की काचेच्या ताटलीत ओतताना धूळ उडाली. आता माझ्या मनात काय आलं ते सांगते, हसू नका. आमच्या घरी पाहुणा उंबऱ्यात आला की आधी तांब्या पुढे करायचा. दुष्काळात तर जास्तच. घरात अर्धी घागर उरलेली असली तरी पाहुण्याचा तांब्या काठोकाठ. तो अर्धा भरला तर घराची शोभा जाते. आणि ही माती समुद्र ओलांडून आलेली, जन्माची तहानलेली. माझ्या हाताने बुधला उचलला आणि ताटलीत पाणी ओतलं. आमच्या मातीला घालायचे त्याच्या चौपट. गूळ तेवढा द्यायचा राहिला.

दारात सोजरबाई झाडू घेऊन उभी होती. "बाई, एवढं पाणी घालून राहिल्या तुम्ही?"

"सोजरबाई, हे शास्त्र आहे."

"हाव, आसंल," ती म्हणाली आणि झाडायला लागली.

मग मी ताटलीतला गाळ काचपट्टीवर घेतला आणि डोळा लावला. जीव होते. वाळलेला जंत स्वतःभोवती वेटोळं घालून बसतो, थेट बारीक चकलीसारखा. अंगातलं पाणी जवळजवळ सगळं टाकून देतो, आणि तसा वर्षानुवर्षं पडून राहतो. मला तशा चकल्या दिसल्या, आणि मी आनंदाने ओरडणार एवढ्यात एकीने वेटोळं सोडायला सुरुवात केली. अर्ध्यावर आली. मग फुगली, कुशीत फाटली आणि थांबली. दुसरी तशीच. बाकीच्या फुगून काठीसारख्या सरळ झाल्या. जंत सरळ पडला म्हणजे गेला, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळलेलं होतं. मी नरसाळं लावलं, उरलेली सगळी माती त्यात ओतली, दोन तास थांबले. चिमटा उघडला. खाली कुणी उतरलं नव्हतं.

आता समजतं ते सांगते. कोरड्यात जगायचं म्हणून ज्याने आपलं अंग आवळून घेतलं आहे, त्याच्यावर पाणी एकदम आलं तर ते त्याला सोसत नाही. अंगाची कातडी पूर्ववत व्हायच्या आतच पाणी आत शिरतं. ज्याच्यासाठी तो थांबलेला असतो, त्यानेच तो मरतो.

सर तिसऱ्या प्रहरी आले. "काय निघालं?"

"काही नाही, सर. नुसती माती आहे."

इतकं सोपं होतं ते. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी नोंदवहीत लिहिलं : पहिली बाटली, जीव आढळले नाहीत. मग मित्राला पत्र लिहिलं, ती जागा सोडून द्यावी म्हणून, आणि टाकायला माझ्याच हातात दिलं. माझी ऑर्डर त्या महिन्याअखेर संपत होती. खरं सांगितलं तर नवी येणार नाही, हे मला पत्राच्या पाकिटाइतकं स्पष्ट दिसत होतं. आणि पत्र गेलं तर सरांची माती कायमची गेली. तिथं दुसरं कुणी त्यांच्यासाठी चमचाभर उचलणार नव्हतं.

पत्र दोन दिवस माझ्या पर्समध्ये होतं.

तिसऱ्या दिवशी सोजरबाई ताटल्या विसळता विसळता म्हणाली, "पत्र टाकलं का बाई?"

"तुला काय करायचंय?"

"मला काय करायचं? पोस्टाच्या पेटीपाशी रोज थांबून पुढं जाऊन राहिल्या तुम्ही, म्हणून इचारलं. पाय दुखतेत का?"

मी नरसाळं पुसायला घेतलं. ती ताटली उपडी घालत म्हणाली, "मेले न्हव का ते?"

"कोण?"

"पाव्हणे."

मग मी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी विड्या वळायचे तवा नवी पोरगी आली की पहिल्या दिवशी हेच करायची. तेंदूचं पान वाळून कडकडीत असतंय. कातरीत धरलं की तुटतंय. मग ती पोरगी काय करती, बदाबदा पाणी ओतती. पान डागाळतं, चिरतं, गठ्ठाच्या गठ्ठा वाया. पानाला पाणी पाजायचं नसतं बाई, ओल दाखवायची असती. गोणपाट भिजवायचं, पिळायचं, त्यात पानं गुंडाळून ठेवायची. पान हळूहळू आपल्या आपण मऊ होतंय. त्याला कळतबी न्हाई आपण कधी मऊ झालो."

मी म्हटलं, "सोजरबाई, पान वेगळं आणि जीव वेगळा." धपाट्याची आठवण झाली ना तुम्हाला? मलाही होते.

पण मी उठले, सरांच्या खोलीत गेले आणि पत्र टेबलावर ठेवलं. "सर, जीव होते. मी पाणी जास्त घातलं. माझ्या हातून मेले, आणि मी खोटं सांगितलं." कोरडेपणाने, एका दमात सांगितलं. सरांनी पाकीट बाजूला ठेवलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नोंदवही उघडली, माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "माझी ओळ खोडू नका. तिच्याखाली तुमची लिहा. तुमच्या अक्षरात, तुमच्या सहीने." मी लिहिलं : जीव होते. पाणी घाईने घातले, त्यामुळे मेले. नंतर खोटे सांगितले.

"आता दुसरी बाटली," सर म्हणाले. "ती गेली तर संपलं. कशी उघडायची?"

मी सोजरबाईचं गोणपाट सांगितलं. सरांनी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि पानांची हकिकत पहिल्यापासून पुन्हा ऐकली. मध्ये प्रश्न विचारले : पोतं किती पिळता? पानं वर की खाली? ती आधी अवघडली, मग असं सांगायला लागली की जणू सरच विडीच्या कारखान्यात नवे लागले आहेत.

मग आम्ही तसंच केलं. मातीची ताटली फ्रिजमध्ये ठेवली. त्यासाठी हेडक्लार्कच्या गार पाण्याच्या बाटल्या बाहेर काढाव्या लागल्या, आणि तो आमच्याशी नंतर महिनाभर बोलला नाही. ताटलीभोवती पिळलेल्या ओल्या कापडाचं कडं केलं, मातीला स्पर्श होऊ न देता, आणि वर घंटेच्या आकाराचं काचेचं झाकण पालथं घातलं. पाणी मातीत नाही, फक्त हवेत. लाईट गेली की मी आणि सोजरबाई फ्रिजच्या दाराला पाठ लावून बसायचो, कुणी उघडू नये म्हणून. चार दिवस. पाचव्या दिवशी मातीवर ड्रॉपरने एक थेंब, तासाने दुसरा. दुपारपर्यंत माती नुसती सावळी झाली.

काचपट्टी तयार केली. सर म्हणाले, "तुम्ही बघा." मी म्हटलं, "नको." सर म्हणाले, "मग सोजरबाई, तुम्ही."

तिने पदर खोचला, एक डोळा हाताने झाकला आणि वाकली. आम्ही दोघं तिच्या पाठीकडे बघत उभे होतो. ती काही बोलेना. सोजरबाई, आणि बोलेना.

"काय दिसतंय?" सर म्हणाले.

"थांबा की सर. उठून राहिला तो."

मग मी पाहिलं. वेटोळं सुटत होतं, थांबत होतं, पुन्हा सुटत होतं, एखादं माणूस गाढ झोपेतून आळोखेपिळोखे देत उठावं तसं. मग त्याने शेपूट हलवलं आणि काचपट्टीच्या कडेला निघून गेला. त्या दुपारी सात उठले. सरांनी जुनं पत्र फाडलं आणि नवं स्वतः जाऊन पेटीत टाकून आले. माझ्यावरचा विश्वास तोवर एवढाच परत आला होता. ऑर्डर मात्र आली.

पुढे पोतंभर माती आली आणि सरांनी तिच्यावर काही वर्षं काम केलं. त्यातली एक गोष्ट मला अजून आठवते. त्यांनी एकाच मातीच्या तीन ताटल्या केल्या : कोरडी, जराशी ओलसर, आणि चांगली ओली. मला वाटलं, ओलीत सगळ्यात जास्त भरभराट. तसं झालं नाही. कोरड्यात टिकणारी जी मुख्य जात होती, ती ओल्या ताटलीत कमी कमी होत गेली, आणि पाण्यात रमणारे दुसरेच बारके जीव वाढले. पाणी आलं की जीव वाढतात हे खरं, पण तेच वाढतात असं नाही. पुढे आमच्याकडे विहिरी, बोअर, ऊस सगळं आलं, तेव्हा मी इथली मातीही मोजत होते. माणसं बदलतात ते सगळ्यांना दिसतं. मला नळीच्या तळाशी बसणारेही बदलताना दिसले.

आता जे सांगायला मी हे लिहायला घेतलं ते सांगते. सरांचा मराठीतला शोधनिबंध छापायला जायचा होता. शेवटी आभाराच्या दोन ओळी असतात. सर म्हणाले, "त्या तुम्ही लिहा, कुणी काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे." मी लिहिलं : माझं नाव, पूर्ण, पदवीसकट. त्यापुढे, 'व प्रयोगशाळेतील इतर कर्मचारी.' सरांनी विश्वासाने सही केली. विश्वास तोवर सगळाच परत आलेला होता ना. पाणी भरणारीचं नाव शास्त्राच्या कागदावर कसं दिसेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं असं की तिचं नाव दिसलं असतं तर माझं लहान दिसलं असतं. पहिलं खोटं मी तीन दिवसांत कबूल केलं. हे दुसरं नोकरी संपेपर्यंत पुरलं. सर आता नाहीत.

सोजरबाई आहे. नांदेडला बुद्धविहारामागच्या गल्लीत मुलीकडे राहते. ऐकू कमी येतं, बोलणं तेवढंच. गेल्या महिन्यात मी हे सगळं लिहून तिच्याकडे घेऊन गेले आणि तिच्या कानाशी मोठ्याने वाचलं. आभाराचा भाग आला तेव्हा मी थांबले. ती म्हणाली, "पुढं वाचा की."

"पुढं नाही. एवढंच आहे. तुझं नाव मी घातलं नाही, सोजरबाई."

"ते मला तवाच माहीत हाय. सरांनी छापलेलं दाखवलं होतं. मला वाचता येतंय, बाई. तुम्ही कधी इचारलंच न्हाई."

तिने कागद माझ्या हातातून घेतला, डोळ्याजवळ धरला आणि बोटाने ओळी चाळायला लागली.

"हे चुकलं. चार दिवस न्हाई, पाच."

"नोंदवहीत चार आहेत."

"नोंदवही तुम्हीच लिहिली न्हव?" ती म्हणाली. बोट पुढे सरकलं आणि एका ठिकाणी थांबलं. "आन् हे काय? 'कोरडेपणाने, एका दमात सांगितलं.' सरांच्या खोलीतून बाहेर येऊन माझ्या पदरात तोंड घालून कोण रडलं मग? माझा अख्खा पदर भिजला होता. त्या दुष्काळात."

"ते कशाला लिहायचं, सोजरबाई?"

"लिहा. माझं नाव लिहून राहिल्या, तर ते बी लिहा."

तर, पाच दिवस. आणि रडले होते.